पन्नास हजारांत 'शोले' : मालेगावच्या पडद्याचा हिशेब

सिनेमा म्हटला की मुंबई आणि कोट्यवधींचे भांडवल आठवते. परंतु यंत्रमागाच्या खडखडाटात जगणाऱ्या मालेगावने हा धंदा वेगळ्या हिशेबाने करून दाखविला. व्यापाराच्या नजरेने तो पाहण्यासारखा आहे, असे आम्हास वाटते.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. हातात मजुरी आणि मोकळा दिवस असलेला कामगार सिनेमाकडे वळतो. व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांना हे गिऱ्हाईक नेमके ठाऊक होते. चोरट्या चित्रफितींवरून पोलिसांचा छापा पडला, तेव्हा त्यांनी स्वतःचाच सिनेमा काढायचे ठरविले. 'मालेगाव के शोले' 2000 साली आला. खर्च सुमारे 50 हजार रुपये! घोडे परवडत नाहीत, म्हणून डाकू सायकलवर आले. गिऱ्हाईक हसले आणि पैसा वसूल झाला.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. सायकलवर कॅमेरा लावून ट्रॉलीचे काम भागविले, बैलगाडीची क्रेन केली. नायकाला उडविण्यासाठी हिरवा पडदा वापरला. पण चित्रणाच्या धांदलीत कॅमेराच पाण्यात पडला. मोठ्या निर्मात्याकडे दुसरा कॅमेरा तयार असतो. इथे दुरुस्ती होईपर्यंत काम थांबले. थोड्या भांडवलाच्या धंद्यात एक अपघातही सारे गणित बिघडवतो, हे कारखानदारांना सांगायला नको.

ही सारी धडपड फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या 2008 च्या माहितीपटात टिपली. गाव जगभर पोहोचले. सुपरमॅन झालेले शफीक शेख मात्र यंत्रमाग कामगारच होते. 2011 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडेच आधी त्यांना आपला सिनेमा पाहता आला. 2025 च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' देशभर झळकला, तेव्हा ते पाहायला नव्हते.

हुनर मालेगावचा आणि त्यावरचा मोठा सिनेमा मुंबईचा, असे का व्हावे? एक कारण उघड आहे. दुसऱ्याच्या गाजलेल्या कथेवर बेतलेला माल गावात खपतो, गावाबाहेर मात्र मूळ मालकीचा प्रश्न आडवा येतो. दुसरे कारण करारांचे. दोस्तीखातर केलेल्या कामाची कागदावर नोंद नसेल, तर नफ्यात वाटा मागायचा कशाच्या आधारावर?

आता मोबाईलमध्येच कॅमेरा आहे आणि यूट्यूबवर बाजार आहे. मालेगावची विनोदी मंडळी तिथेही पोहोचली आहेत. आमच्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू : कथा स्वतःची लिहा, भागीदारी कागदावर आणा आणि कलाकाराची मजुरी आधी बाजूला काढून ठेवा. टाळ्यांवर चूल पेटत नाही.