बोनेटखालची सफाई आणि आपली प्रकृती

औंढा–वसमत रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या जीपा आणि टेम्पो पासिंगला निघाले की आधी रंगाला लागतात. बाहेरून रंग मारायचाच आहे तर आतूनही मारून घेऊ, म्हणून मालक बोनेट उघडून देतो. आता बोनेटखालचा भाग रंगवणे यात रंगाचे काम थोडे आणि सफाईचे फार. तेथे वर्षानुवर्षांचे जळके ऑइल, ग्रीस आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय रंग धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत पोपडे सुटतात. हा थर ज्या रीतीने काढला जातो, तिचा आम्हा डॉक्टर मंडळींशी संबंध येतो.

सर्वांत वाईट सवय पेट्रोलने धुण्याची. उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचे काय सांगावे! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता गाडीखाली आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते, आणि चार हातांवरची विडी तिला पुरते. बॅटरीचे टोक सोडताना उडालेली ठिणगीही पुरते. रॉकेल त्या मानाने बरे असे मिस्त्री म्हणतात. पण रॉकेलसुद्धा साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे पेटण्याजोगी वाफ सोडते, आणि वैशाखात आपला पारा ४२ वर असतो. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. ते श्वासावाटे वर्षानुवर्षे शरीरात जात राहिले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

मग करावे काय? इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडून बॅटरी बाहेर काढावी. हवा घेण्याचे तोंड आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने बांधावेत. जाड थर लाकडी पट्टीने कोरडाच खरवडावा. निम्मे काम येथेच होते. उरलेल्यासाठी पाण्यात मिसळण्याचे डिग्रीझर मिळते, नाहीतर कोमट पाणी, धुण्याची पावडर आणि ब्रश. वेळ जास्त लागतो, एवढीच तक्रार. काही जण कॉस्टिक सोडा वापरतात. तो डोळ्यात उडाला तर ॲसिडपेक्षाही खोल जातो. अशा वेळी डोळा उघडा धरून किमान २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे.

कामानंतर पेट्रोलने हात धुणे तर सर्रास चालते. पेट्रोल ग्रीसबरोबर कातडीतले तेलही काढून नेते. मग हाताला भेगा, खाज आणि पुढे इसब. खाण्याचे गोडेतेल हातावर चोळून चिंधीने पुसावे, नंतर साबण लावावा, काळे निघते. जळके ऑइल भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवू नये. अशा तेलाचा वर्षानुवर्षांचा स्पर्श कातडीच्या कर्करोगाला कारण होतो. १७७५ साली लंडनच्या डॉ. पर्सिव्हल पॉट यांनी धुरांडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कातडीवरील कर्करोगाचे मूळ काजळीत असल्याचे दाखवले, आणि पुढे सूतगिरण्यांत यंत्राच्या तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांतही तोच रोग आढळला.

टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढली आणि घोट गेला, किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल घरातल्या मुलाने प्यायले, तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी नको, घशात बोटेही नकोत. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा उलटीबरोबर फुप्फुसात उतरलेले थेंब अधिक घातक. खोकला किंवा धाप लागत नसली तरी सहा तास तरी वैद्यकीय देखरेख हवी. त्रास दिसला तर १०८ ला फोन करून हिंगोली किंवा नांदेडचे शासकीय रुग्णालय गाठावे.

थर निघाला की जुना रंग घासणे आले. जुन्या गाड्यांच्या पिवळ्या-नारिंगी रंगांत आणि लोखंडावरच्या अस्तरात शिसे असू शकते. परंपरेने मारुतीला लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड, आणि लोखंड गंजू नये म्हणून तेच अस्तरात घालत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आहे, पण जुन्या जीपचा रंग त्याआधीचा. कोरडे घासले की भुकटी नाकात, जेवणाच्या डब्यात आणि कपड्यांवरून घरच्या तान्ह्यापर्यंत पोहोचते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे थोडेही सोसत नाही. तेव्हा वॉटर पेपर वापरून ओलेच घासावे, कॉम्प्रेसरने धूळ उडवू नये, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. (कॉम्प्रेसरची नळी थट्टेने कुणाच्या पार्श्वभागाला लावणे हा खेळ नव्हे, आतडे फाटून माणसे मेली आहेत.) आणि १४ वर्षांखालील पोराला हाताखाली ठेवणे हा गुन्हा आहेच.

शेवटी रंग. साध्या रंगाचा थिनर डोके दुखवतो आणि गरगरवतो. काम उघड्यावर करावे. हार्डनर मिसळण्याच्या रंगाची गोष्ट वेगळी. त्यात आयसोसायनेट असते. भोपाळला १९८४ साली सुटलेला वायू याच कुळातला, जरी रसायन तेच नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी. असा रंग बंदिस्त शेडमध्ये आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय मारूच नये. छोट्या गॅरेजने हार्डनरविना चालणारा रंग घ्यावा. यापासून होणारा दमा फसवा असतो. कामाच्या वेळी काही नाही, रात्री खोकला आणि छातीत शिट्टी, सुट्टीच्या दिवशी बरे. रुग्ण त्याला सर्दी समजून गोळ्या खात राहतो. अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना आपले काम सांगावे, आणि हार्डनरच्या डब्यावरचे लेबल सोबत आणावे.