विजेवरची गाडी घरी आल्यावर

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक सकाळी सातच्या सुमारास दारात येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "अहो, जरा खाली येता का? गाडी मेली." गाडी म्हणजे त्यांची नवी, विजेवर चालणारी मोटार. घेऊन वर्षसुद्धा झाले नव्हते, आणि फंडाच्या पैशांतला मोठा वाटा तिच्यात गेलेला. खाली जाऊन पाहतो तर किल्लीचे बटण दाबून दार उघडत नाही, दिवा लागत नाही, काही नाही. बाई पिशवी घेऊन गाडीपाशी उभ्या. त्यांना नऊ वाजता डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोचायचे होते. "तीन आठवड्यांपूर्वी गावाला गेलो तेव्हा ऐंशी टक्के दाखवत होती हो," मास्तर पुन्हा पुन्हा सांगत होते. "ऐंशी टक्के बॅटरी अशी उभ्या उभ्या कुठे जाते? आता ती बदलायची म्हणजे काही लाखांना बुडालो!"

ती बॅटरी कुठेही गेली नव्हती. गेली होती ती दुसरीच.

पुष्कळांना हे ठाऊक नसते की विजेवरच्या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, गाडीच्या तळाशी बसवलेली, तीनशे-चारशे व्होल्टांची. चाके फिरवते ती हीच. दुसरी लहान, बारा व्होल्टांची, आपल्या नेहमीच्या पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. कुलपे, दिवे, पडदा आणि गाडीचा सारा 'मेंदू' हिच्यावर चालतो. सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी बंद गाडीत बाकीच्या यंत्रणेपासून तोडलेली असते. तिला जोडणारा स्विच ओढायचा तोही या बारा व्होल्टांच्या जोरावर. म्हणजे कोठार धान्याने भरलेले आहे, पण किल्ली हरवली, तशी गत. लहान बॅटरी उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी ढिम्म हलत नाही.

मास्तरांच्या गाडीत बाहेरच्या दुकानातून बसवलेला एक कॅमेरा होता. तो गाडी बंद असतानाही थेंब थेंब वीज पीत होता. शिवाय मास्तर गावाहून दिवसातून चार वेळा फोनवर गाडीची खुशाली विचारीत. दर वेळी गाडी झोपेतून जागी होई, हेही थोडेसे कारण झालेच! बाईंना रिक्षाने पाठवले. मग किल्लीच्या पोटात दडलेली साधी धातूची किल्ली काढून दार उघडले, माहितीपुस्तकात दाखवल्याप्रमाणे दुसऱ्या बारा व्होल्टांच्या बॅटरीचा आधार दिला, आणि गाडी लगेच जागी झाली. पडद्यावर आकडा होता अठ्ठ्याहत्तर टक्के.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की लहान बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचे, आणि ती वेळेवर बदलणे हा काही हजारांचा मामला आहे. फार दिवस गाडी उभी राहणार असेल तर बाहेरून जोडलेली उपकरणे काढून ठेवावीत आणि आठ-पंधरा दिवसांनी कोणाला तरी गाडी अर्धा-पाऊण तास सुरू करून ठेवायला सांगावे. मोठी बॅटरी मग लहानीला आपोआप भरते.

विजेची गाडी ही काही कालची गोष्ट नव्हे. 1899 साली कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच गाडीत. आपल्याकडे बंगळूरची चिमुकली 'रेवा' 2001 साली रस्त्यावर आली, ती शिशाच्या बॅटऱ्यांवर. आजच्या गाड्या लिथियमच्या बॅटऱ्यांवर धावतात. पण गाडी नवी असली तरी तिला वीज द्यायची ती आपल्या घरच्या जुन्या भिंतीतून, आणि खरी काळजी आहे ती इथे.

आपण घरात इस्त्री लावतो, गीझर लावतो. दहा-वीस मिनिटांचे काम. गाडीचे तसे नाही. घरच्या पंधरा-सोळा अँपियरच्या जागेवरून ती सुमारे तीन किलोवॉट खेचते आणि सलग आठ-दहा तास खेचत राहते. इस्त्रीला पुरलेली सैल पिन किंवा काळवंडलेले सॉकेट एवढा वेळ तग धरत नाही. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. नव्या उत्साहात मी गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला होता. रात्री दोनला जळका वास आला म्हणून उठलो, तर प्लगचा पांढरा भाग तपकिरी होऊन वितळू लागलेला. खाली इतरांच्या दुचाक्या लागलेल्या, वर झोपलेली माणसे! त्या रात्रीपासून एक्स्टेंशन बोर्डाचे नाव काढले नाही, आणि तुम्हीही काढू नका.

मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र तार ओढून घ्यावी. निदान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची. अंतर फार असेल तर त्याहून जाड. तिच्यावर स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा. अर्थिंग तर हवेच हवे. अर्थिंग बरोबर नसेल तर पुष्कळ चार्जर वीज घ्यायलाच नकार देतात. लोक चार्जरला दोष देतात, पण दोष भिंतीतला असतो. जुन्या चाळींतून आणि इमारतींतून अर्थिंगची तार नुसतीच लोंबकळत सोडलेली आढळते. परवानाधारक तारतंत्र्याकडून ते मोजून घ्या. आणि पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला बाहेरून हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा.

भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर घ्यायचा असेल तर वीजकंपनीकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. आता थोडा हिशेब करू. मध्यम आकाराची गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणे असेल तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून पावणेदोनशे युनिटे लागतात. घरच्या बिलात ही भर पडली की दर वरच्या टप्प्यात चढतो, आणि मग पंख्या-फ्रिजचे नव्हे तर नेमके गाडीचे युनिट महाग पडते. म्हणून गाडीसाठी वेगळे मीटर घेणे परवडते का, याची चौकशी आधीच करावी. सोसायटीची बैठकही आधीच घ्यावी; गाडी दारात आल्यावर घेतलेल्या बैठकीत आवाज चढतात.

बरे, बॅटरी किती भरायची? इथे विक्रेता एक सांगतो, शेजारी दुसरेच, आणि गंमत म्हणजे दोघेही खरे असू शकतात. कारण लिथियमच्या बॅटऱ्या मुख्यतः दोन जातींच्या. एक निकेल-कोबाल्टची. तिला रोज काठोकाठ भरणे मानवत नाही. रोजच्या वापराला ऐंशी टक्के पुरे. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच शंभर करावी. दुसरी लोह-फॉस्फेटची. ही अधिक सोशिक, पण तिचा दाब भरताना-उतरताना जवळजवळ सारखाच राहत असल्याने आत किती शिल्लक आहे हे गाडीला नीटसे कळत नाही. म्हणून अशा गाडीच्या बाबतीत आठवड्यातून एकदा पूर्ण भरावी असे बहुतेक कंपन्या सांगतात. आपल्या गाडीत कोणती जात आहे ते खरेदीच्या वेळीच विचारून पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दोघींचा समान शत्रू म्हणजे उष्णता. नागपूर-चंद्रपूरकडच्या वैशाखात शंभर टक्के भरलेली गाडी दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे. तसेच शून्याजवळ आणून आठवडेच्या आठवडे सोडून देणेही वाईट. दीर्घकाळ ठेवायची तर निम्म्यावर, सावलीत. भर दुपारच्या प्रवासातून आल्या आल्या प्लग लावण्यापेक्षा रात्री उशिरा किंवा पहाटे लावावा. महामार्गावरचे जलद चार्जर हे प्रवासाचे साधन आहे. रोजचे जेवण हॉटेलात घेऊ नये, तसेच हे. शिवाय ऐंशी टक्क्यांनंतर तेथला वेग एवढा मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळत बसण्यापेक्षा पुढच्या ठिकाणी थांबणे बरे.

आता एक गंमत सांगतो. विजेची गाडी उतारावर आपली मोटर उलटी राबवून वीज परत मिळवते आणि त्याच ओढीने वेगही आवरते. ब्रेकच्या पॅडला काम फार कमी पडते. ते वर्षानुवर्षे टिकतात. पण समजा तुम्ही पाचगणीला रात्रभर चार्जर लावून गाडी गच्च भरलीत आणि सकाळी पसरणीच्या घाटाने वाईला उतरू लागलात. भरलेल्या घागरीत पाणी कुठे ओतणार? परत मिळालेली वीज ठेवायला जागाच नाही, म्हणून ती ओढ कमी होते किंवा नाहीशी होते, आणि रोज आवरणारी गाडी अचानक मोकळी धावू लागते. नवख्या चालकाची अशा वेळी छाती धडधडते. ब्रेक अर्थातच असतात, पण सवय मोडलेली असते. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबा. उरलेले घाट देईल.

ब्रेकला काम नसते याची दुसरी बाजू कोकणात दिसते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो, पकडीच्या पिना अडकून बसतात. मोकळा, सुरक्षित रस्ता पाहून अधूनमधून ब्रेक जरा दाबून लावावेत. वीज परत घेण्याची पायरी कमी करता येत असेल तर ती कमी करून. वर्षातून एकदा त्या पिना साफ करून घ्याव्यात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, तेव्हा पॅड नवे दिसले तरी ते पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावे. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी वजनदार आणि जोर पहिल्याच क्षणी येतो. हवा नियमित तपासा. बॅटरी थंड ठेवणारे कूलंट कमी झाले तर नळाचे पाणी ओतू नका. त्याचा प्रकार ठरलेला असतो.

हायब्रीड गाडीचे मात्र दोन संसार. ही कल्पना सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचवली ती 1997 साली जपानात आलेल्या 'प्रियस'ने. इंजिन आहेच, म्हणून तेल, फिल्टर आणि पीयूसीचा दाखला हेही आहेच. विजेवरच्या गाडीला तो दाखला लागत नाही. पुष्कळ हायब्रीड गाड्यांत बॅटरीला थंड हवा मागच्या सीटजवळच्या एका जाळीतून मिळते. आपण नेमके तिथेच गाठोडे टेकवतो, आणि कुत्रे पाळले असेल तर त्याचे केस त्या जाळीत जाऊन बसतात. हवा कोंडली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. ही जाळी साफ करायला पाच मिनिटे लागतात, बॅटरी बदलायला लाख-दोन लाखही लागू शकतात. हायब्रीडच्या लहान बॅटरीवरून दुसऱ्याची बंद पडलेली गाडी सुरू करून देण्याचा परोपकारही करू नये. आतली नाजूक उपकरणे त्यात जातात.

पावसाळ्याबद्दल बोलल्यावाचून हे संपणार नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो मुंबईकर विसरलेले नाहीत. साध्या पावसाने या गाड्यांना काही होत नाही. पावसात चार्जिंगही करता येते. पण तळ बुडेल एवढ्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल, आणि त्यातून ते भरतीचे खारे पाणी असेल, तर ती सुरू करू नका, चार्जरला लावू नका, इमारतीपासून दूर मोकळ्यावर ठेवा आणि कंपनीला कळवा. धोका काही दिवसांनीही उद्भवू शकतो. ओढून नेताना फिरणारी चाके जमिनीला लावून नेऊ नयेत. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. आणि नारिंगी रंगाची जाड तार दिसली की ती मोठ्या बॅटरीची, हे घरातल्या मुलांनासुद्धा सांगून ठेवा. कोपऱ्यावरचा मिस्त्री कितीही हुशार असो, तिला हात लावण्याचे त्याने शिक्षण घेतलेले नसेल तर त्याला लावू देऊ नका.

मास्तरांचा पुतण्या आता वापरलेली विजेची गाडी घ्यायला निघाला आहे. त्याला मी इतकेच विचारायला सांगितले, की बॅटरीची शिल्लक क्षमता किती टक्के, याचा कंपनीच्या केंद्रातला लेखी अहवाल आहे का. आणि हमी, जी पुष्कळदा आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी असते, ती दुसऱ्या मालकाला तशीच मिळते की कमी होते. "रंग चांगला आहे हो काका," तो म्हणाला. रंगाचे नंतर बघू म्हटले, आधी अहवाल आण.