केंद्रकाचा धक्का मोजणारी थंडी

जानेवारीत सायखेड्याच्या शिवारात द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कुठवर उतरला, हे निफाड तालुका सकाळी उठल्या उठल्या विचारतो. दोन-तीन अंश म्हटलं तरी मण्यांना तडे जायची धास्ती. मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र थंडीची मोजणी केल्विनच्या शंभराव्या भागात होते. तिथलं डायल्यूशन रेफ्रिजरेटर १० मिलिकेल्विनच्याही खाली पोचतं.

हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचं मिश्रण ०.८७ केल्विनखाली दोन थरांत फुटतं. वरच्या थरातला हेलियम-३ खालच्या थरात विरघळताना उष्णता शोषतो, आणि यंत्र थंड होत जातं. हे उभारलं ते 'टिन-टिन' प्रकल्पासाठी. कथिल-१२४ या समस्थानिकाचा एक अतिदुर्मीळ क्षय संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञ वंदना नानल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शोधायचा आहे.

इतकी थंडी कशाला? स्फटिकाची उष्णताधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. तापमान दहापट उतरलं की ती हजारपट उतरते. मग इवलीशी ऊर्जाही तापमानात दिसते. इटलीतल्या 'क्युओरे' प्रयोगात पाऊण किलोच्या स्फटिकात दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट पडले, तर तापमान केल्विनच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाने चढतं. ही चढण टिपतो स्फटिकाला चिकटवलेला जर्मेनियमचा बारीक तुकडा. टिन-टिनसाठी असे तुकडे ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून घडवले. थंडीत त्यांचा विद्युतरोध एवढा हळवा होतो की किंचित ऊब लागताच तो झपकन घसरतो.

आता खरी गोम. गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धक्का देतो, न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रकाला. धक्का खाल्लेलं जड केंद्रक शेजारच्या अणूंना ढकलत जातं आणि विद्युतभार फार थोडा मोकळा करतं. भौतिकशास्त्रज्ञ लिंडहार्ड यांनी १९६३ मध्ये याचं गणित मांडलं. जर्मेनियममध्ये, काही दशसहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या धक्क्यात, हा भार तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या साधारण तिसरा हिस्सा भरतो. उष्णता मात्र जवळपास पुरती मिळते. स्फटिकात विस्थापित झालेल्या अणूंपाशी अडकते तेवढीच हरवते.

म्हणून नुसती उष्णता मोजली तर किती ऊर्जा आली ते कळतं, धक्का कोणाला बसला ते कळत नाही. केंद्रकाला बसलेल्या धक्क्यांतून कृष्णद्रव्य शोधणारे प्रयोग त्यामुळे जोडीने मोजतात: कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत 'सुपरसीडीएमएस' उष्णतेसोबत विद्युतभार मोजतो, इटलीतल्या ग्रान सासोच्या डोंगराखाली 'क्रेस्ट' उष्णतेसोबत प्रकाश. टिन-टिनचा भर उष्णतेवरच. म्हणूनच प्रयोगासाठी योजलेल्या, तमिळनाडूतल्या बोडी डोंगराच्या खडकातून किती न्यूट्रॉन येतील, याचा हिशोब या मंडळींनी आधीच मांडला. मला या कामाचं फार मोल वाटतं, कारण शोध खरा की खोटा हे इथेच ठरतं.

केंद्रकाचे अगदी हलके धक्के मोजायला मापनपट्टी मात्र बरीच वर्षं क्ष-किरणांचीच होती, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धक्क्यांची. २०२३ मध्ये कॅल्शियम टंगस्टेटच्या स्फटिकात ती केंद्रकाचीच मिळाली. टंगस्टन-१८२ मंद न्यूट्रॉन गिळतं, काही वेळा एकच गॅमा किरण सोडतं आणि स्वतः मागे ढकललं जातं, अशा प्रत्येक वेळी ११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टनेच. त्यासाठी अणुभट्टीही लागत नाही; कॅलिफोर्नियमचा छोटा स्रोत आणि न्यूट्रॉन मंद करणारं आवरण पुरतं. कुलाब्याची थंडी तयारच आहे. ही मोजणी तिथेही व्हायला हवी.