इंदूरचा नळ, भरूचची खाडी

1978 पासून इंदूरच्या नळाला नर्मदा येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदला उचललेले पाणी पंपांनी विंध्य चढवून शहरात आणतात. हीच नर्मदा खाली भरूचपाशी पोचते तेव्हा ती नदी कमी आणि खाडी जास्त असते. खंभातचे आखात तोंडाशी रुंद, आत निमुळते. त्यात कोंडल्यामुळे तिथली भरती देशातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी एक. खारे पाणी दिवसातून दोनदा पात्रात शिरते, गाळ ढवळते. नदीच्या मुखाजवळचे आलियाबेट हे बेट या गाळाचेच.

मासेमारीही या मचूळ पाण्यावरच उभी आहे. पावसाळ्यात पुराचे गोडे पाणी समुद्रात लोटले, की हिलसा, म्हणजे आपला पाला, अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. भरूचजवळच्या भाडभूत गावातल्या मच्छीमारांचा खरा हंगाम तोच. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची वाट उलटी: ती नदीत वाढते आणि पिलांसाठी खाली मचूळ पाण्यात उतरते.

थोडक्यात, या मासेमारीचा मालक पूर. वरच्या धरणांनी तो अडवला की खार आत सरकतो, पाला रोडावतो. आता खार रोखायला भाडभूतलाच बंधारा बांधला जातो आहे. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, कारण पाल्याची वाट तिथूनच जाते.