जनुकांचा नकाशा वाचताना

मानवी डीएनएत ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो. तो नुसता वाचून काही उमगत नाही. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील संशोधकांनी २००० साली 'जीनोम ब्राउझर' हे संकेतस्थळ सुरू केले. नकाशात गाव शोधावे तसे त्यात जनुक शोधता येते. त्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहावी लागत नाही.

'एचबीबी' असे लिहून पाहा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे हे जनुक ११व्या गुणसूत्रावर दिसेल. त्यातील जाड ठोकळ्यांत प्रथिनाचा संकेत असतो. बारीक रेषा म्हणजे मधले, गाळले जाणारे भाग; त्यांवरील बाण वाचनाची दिशा दाखवतात.

इथेच फसगत होते. विदर्भातही आढळणाऱ्या सिकलसेल आजारात या जनुकातील एका 'जीएजी'चे 'जीटीजी' होते. पडद्यावर मात्र त्या जागी 'सीटीसी' दिसते! कारण तिथे डीएनएचा एकच धागा दाखवतात आणि या जनुकाचा संकेत जोडीच्या धाग्यावर, उलट दिशेने असतो. सी-जी, ए-टी या जोड्या लावल्या की 'जीएजी' मिळते.

चित्र संगणक काढतो, अर्थ आपणच लावायचा असतो. म्हणून विद्यार्थ्यांकडून या जोड्या आधी फळ्यावर लावून घ्याव्यात, मग पडदा दाखवावा.