दणकट फोन आणि त्याची किंमत



बडोद्याच्या माणसाला पाण्याचा प्रताप समजावून सांगण्याची गरज नाही. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरावर एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला. आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री आपली २५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ३५ फुटांच्याही वर चढली. ज्यांच्या घरांत पाणी शिरले आणि वीज गेली, त्यांचा उरल्यासुरल्या जगाशी संबंध राहिला तो खिशातल्या फोनमुळे. मदतीची हाक त्यावरून द्यावयाची, दुधाचे पैसे त्यावरून चुकते करावयाचे, आणि बँकेचा गुप्त अंकही त्यावरच यावयाचा. असा फोन भिजून बंद पडला, तर घरातील एक वस्तू बिघडली एवढ्यावर भागत नाही. चार दारे एकदम बंद होतात.

म्हणूनच पावसाळा जवळ आला की रावपुऱ्यातल्या दुकानांच्या काचांमागे 'दणकट' म्हणविणाऱ्या फोनांच्या जाहिराती झळकू लागल्या तर त्यात नवल नाही. पाण्यात बुडवा, दगडावर आपटा, धुळीत लोळवा, काही होणार नाही असे आश्वासन, आणि साध्या फोनाच्या दुप्पट किंमत! ही किंमत योग्य की अयोग्य, हे कसे पारखावे, याचा आज विचार करू.

खोक्यावर 'आयपी ६८' असे काहीतरी छापलेले असते. आपण ते 'अडुसष्ट' असे वाचतो आणि ६७ पेक्षा ६८ बरा, ६९ त्याहून बरा, असा गुणपत्रिकेसारखा हिशेब करतो. हा हिशेब चुकीचा आहे. ही संख्या अडुसष्ट नव्हे. ते सहा आणि आठ असे दोन स्वतंत्र अंक आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातून ते आले आहेत. पहिला अंक धुळीविषयी बोलतो, दुसरा पाण्याविषयी. धुळीचा सहा हा सर्वांत वरचा. तो मिळविण्यासाठी यंत्र एका पेटीत ठेवून त्यावर टाल्कम पावडरीची भुकटी तासन्‌तास उडवितात आणि आत कणही शिरला नाही ना, हे पाहतात. पाण्याच्या सातचा अर्थ असा की एक मीटर खोलीत अर्धा तास बुडवून यंत्र शाबूत राहिले. आठचा अर्थ त्याहून कठीण कसोटी; पण ती किती खोल आणि किती वेळ, हे ठरवितो स्वतः उत्पादक! त्यामुळे एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ एकच असेल असे नाही. खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दीड मीटर, अर्धा तास असे काही लिहिलेले असते. ते वाचल्यावाचून आठाला अर्थ नाही.

आणखी एक गंमत आहे. बुडविण्याच्या कसोटीला उतरलेला फोन नळाच्या जोरदार फवाऱ्याला उतरेलच असे मानक म्हणत नाही. स्थिर पाण्याचा दाब वेगळा, धारेचा मारा वेगळा. म्हणून काही कंपन्या दोन-दोन, तीन-तीन अंक छापतात. २०२४ च्या जूनमध्ये ओप्पो कंपनीने 'एफ २७ प्रो प्लस' हा फोन भारतात आणला, त्यावर ६६, ६८ आणि ६९ असे तिन्ही दाखले होते. यांतला नऊ म्हणजे ८० अंश उष्णतेच्या पाण्याचा जवळून केलेला प्रचंड दाबाचा फवारा. मुळात धुवून काढावयाच्या वाहनांसाठी व यंत्रांसाठी योजलेली ही परीक्षा. कोणाच्या न्हाणीघरात असे पाणी असते, हे देव जाणे.

परंतु खरी मेख पुढेच आहे. ही सारी परीक्षा कोऱ्या फोनाची, स्वच्छ गोड्या पाण्यात आणि प्रयोगशाळेत होते. बुडविण्याच्या कसोटीत पाणी आणि यंत्र यांच्या उष्णतेत ५ अंशांहून अधिक अंतर असू नये, अशी अट आहे. ही अट का, हे नववीचा विद्यार्थीही सांगू शकेल. वैशाखात स्कूटरच्या डिकीत तापलेला फोन माठाखालच्या बादलीत पडला, म्हणजे आतली हवा एकदम थंड होते, आकसते, आणि तिचा दाब उतरतो. बाहेरचे पाणी मग रबराच्या कडेतून आत ओढले जाऊ लागते. तेव्हा तोच फोन थंड असताना बादलीत पडला तर वाचेल आणि तापलेला असताना पडला तर दगावेल, असे घडणे अशक्य नाही. साबणाच्या पाण्याची तर गोष्टच निराळी. ते फटीत अधिक सहज शिरते. समुद्राचे खारे पाणी धातू खाते. आणि पुराचे पाणी? त्यात गटार, तेल, माती सारेच आले. विश्वामित्रीच्या पाण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेने दाखला दिलेला नाही.

याच कारणाने कंपन्या 'वॉटरप्रूफ' हा शब्द टाळून 'वॉटर रेझिस्टंट' असे लिहितात. पहिल्याचा अर्थ पाणी शिरणारच नाही. दुसऱ्याचा अर्थ काही काळ, काही मर्यादेत पाण्याला विरोध होईल. जाहिरातीतले चित्र मात्र पहिल्या अर्थाचे असते. ऑस्ट्रेलियात याचा निवाडा झालेला आहे. २०१६ ते २०१८ या काळात सॅमसंग कंपनीने तेथे काही गॅलेक्सी फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरताना दाखविले होते. पाण्यातून काढलेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावल्यास ते तोंड गंजून फोन बंद पडू शकतो, हे कंपनीने पुढे मान्य केले, आणि जून २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने तिला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. इटलीत २०२० साली ॲपल कंपनीलाही १ कोटी युरो दंड झाला होता. फोन पाण्याला दाद देत नाही असे सांगावयाचे आणि पाण्याने बिघडल्यास हमी लागू नाही असेही म्हणावयाचे, हा दुटप्पीपणा तेथील प्राधिकरणाला रुचला नाही. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल घेणारे केंद्रीय प्राधिकरण २०२० पासून आहे. म्हणून पावतीबरोबर खोके आणि जाहिरातीचा कागदही जपून ठेवावा.

दुसरा मोठा शब्द 'मिलिटरी'. खोक्यावर 'मिल-एसटीडी-८१०एच' असे छापले, म्हणजे सैन्याने हा फोन पसंत केला असा आपला समज होतो. तसे नाही. १९६२ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने यंत्रांच्या परीक्षांची एक पोथी काढली. 'एच' ही तिची २०१९ ची आवृत्ती. उष्णता, थंडी, कंप, मिठाचे धुके, पडणे, अशा अनेक परीक्षा तीत आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या घ्यावयाच्या हे उत्पादक ठरवितो. दाखला देणारी कोणतीही सरकारी कचेरी त्यामागे नाही. आधीच्या 'जी' आवृत्तीतील आपटण्याची परीक्षा पाहा. ४ फुटांवरून २६ वेळा फोन पाडावयाचा. ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे मिळून २६. पाडावयाचा कशावर? काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवुडवर. आणि हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून देण्याची मुभा आहे! रावपुऱ्याच्या टॉवरखालच्या पदपथावर कोणी प्लायवुड अंथरलेले मी तरी पाहिलेले नाही.

एवढे ऐकून हा सारा बनाव आहे असे कोणी समजू नये. दणकट फोनात खरोखर काही गुण असतात. त्याची काच कडेपासून किंचित आत बसविलेली असते, कोपऱ्यांना जाड रबर असते, हातमोजे घालूनही तो चालतो. सॅमसंगच्या 'एक्सकव्हर ७' या फोनाची तर बॅटरीही हाताने काढून बदलता येते, आणि तरीही पाण्याचा आठ त्याने मिळविलेला आहे. पाठ काढताना व लावताना रबराच्या कडेत केस किंवा वाळूचा कण अडकू दिला नाही, म्हणजे झाले.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील घरोघर फिरून गॅसच्या मीटरची नोंद घेण्याचे काम करतात. पावसातही फिरती चुकत नाही. त्यांनी मला विचारले, "सर, हा पाण्यात चालणारा फोन घेऊ का? दीड महिन्याचा पगार जाईल." आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. समजा, दणकट फोन २७ हजारांचा. तो पाच वर्षे टिकला तर महिन्याला ४५० रुपये पडतात. समजा, साधा फोन १३ हजारांचा, त्याला ५०० रुपयांचे रबरी कवच, आणि एकदा फुटलेली काच बदलण्याचे ३ हजार; एकूण १६ हजार ५०० रुपये. तो तीन वर्षे टिकला तर महिन्याला पडतात सुमारे ४५८. म्हणजे जवळजवळ बरोबरी! पण दणकट फोनही तीनच वर्षांत निकामी झाला, तर महिन्याचा भार ७५० वर जातो.

म्हणजे सारे अवलंबून राहिले ते फोन किती आपटला तरी फुटत नाही यावर नव्हे, तर तो किती वर्षे कामाचा राहतो यावर. आणि फोन केवळ फुटून निकामी होत नाही. त्यातील कार्यप्रणालीला सुरक्षिततेची नवी भर मिळणे थांबले, की काही काळाने बँकेचे ॲप त्यावर उघडेनासे होते. शरीर ठणठणीत, पण व्यवहाराला निरुपयोगी! कॅटरपिलरच्या नावाने दणकट फोन काढणारी इंग्लंडमधील बुलिट ही कंपनी २०२४ च्या प्रारंभी डबघाईला येऊन बंद पडली. ज्यांच्या हाती ते फोन होते, त्यांच्या रबराला काही झाले नाही. पण कंपनीच उरली नाही, तर नवी भर कोणी पाठवावयाची? म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न पाण्याचा विचारू नये. सुरक्षिततेची भर किती वर्षे मिळणार, बडोद्यात दुरुस्तीचे अधिकृत केंद्र कोठे आहे, आणि बॅटरी बदलावयास काय पडते, हे आधी विचारावे. फारसे नाव न ऐकलेल्या कंपनीचा, हातोडीसारखा जड, भली मोठी बॅटरी असलेला फोन स्वस्तात मिळतो. त्याच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळत नाहीत.

दुरुस्तीचा मुद्दा आणखी एका दृष्टीने महत्त्वाचा आहे. पाण्याला अडविणारा फोन चिकटद्रव्याने बंद केलेला असतो. काच बदलताना कारागीर तो तापवून उघडतो. नवी चिकटपट्टी नीट बसविली नाही, तर खोक्यावरचा आठ खोक्यावरच राहतो. जुना फोन विकत घेणाऱ्याने तर हा अंक पुसला गेला आहे असेच धरून चालावे.

मग हा फोन कोणी घ्यावा? विजेच्या खांबावर चढणारा, बांधकामावर उभा राहणारा, शेतात राबणारा, पावसात मोटारसायकलवरून सामान पोहोचविणारा, यांचा फोन रोज जोखमीत असतो. त्यांचा अधिक पैसा वाया जात नाही. आम्हा शिक्षकांना, कारकुनांना आणि दुकानदारांना मात्र खडूच्या धुळीपलीकडे शत्रू नाही. त्यांनी पाण्याचा अंक असलेला मध्यम किमतीचा फोन व चांगले कवच घ्यावे. पाण्याचा आठ आता केवळ दणकट फोनांची मिरास राहिलेली नाही. पुराच्या दिवसांत तर शेदोनशे रुपयांची, तोंड घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी त्या आठाहून अधिक भरवशाची.

गॅसमीटरवाल्या गृहस्थांनी मध्यम किमतीचा, पण पाच वर्षे भर मिळण्याचे लेखी आश्वासन असलेला फोन पसंत केला, आणि उरलेल्या पैशांतून मुलाची वर्षाची फी भरली. बादलीत बुडवून पाहण्याचा मोह त्यांना पहिल्याच दिवशी झाला होता. तो मी मोडला. फोन भिजलाच तर तो बंद करावा, कोरड्या फडक्याने पुसावा, चार्जिंगचे तोंड खाली करून हलकेच झटकावा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरू नये. तांदूळ पाणी ओढत नाही, उलट त्याचा कोंडा आत जातो. आणि ते तोंड पुरते कोरडे होईपर्यंत, मग त्याला एक दिवस लागो, चार्जिंगची वायर त्यात घालू नये.