कागदी सूक्ष्मदर्शक

कमी खर्चाच्या वैद्यकीय उपकरणांवर लिहा, असं संपादकांचं फर्मान होतं. त्यासाठी संजय गांधी पीजीआय हे रुग्णालय जवळ पडतं म्हणून लखनौला वृंदावन योजनेतल्या बहिणीकडे उतरले, आणि तिथेच भाचीच्या फोल्डस्कोपने, म्हणजे कागदी सूक्ष्मदर्शकाने, मला अडकवलं.

मेरठमध्ये जन्मलेले, आयआयटी कानपूरचे मनू प्रकाश यांनी जिम सायबुल्स्की यांच्यासह स्टॅनफर्डमध्ये हे घडीचं यंत्र घडवलं. 2014 च्या शोधनिबंधात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत दाखवला होता. पुढच्याच वर्षी आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्याशी करार केला.

सगळी करामत मोहरीएवढ्या काचेच्या गोळीची. व्यास सुमारे 2.4 मिलिमीटर, वर्धन 140 पट. गोळी जितकी बारीक तितकं वर्धन जास्त, पण नमुनाही तितकाच जवळ हवा. इथे मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. त्यामुळे फोकस म्हणजे निव्वळ अंगठ्यांचं काम. कागदी पट्टी केसभर जास्त सरकली की चित्र गायब.

भाचीने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, काचपट्टीवर पुसली, खिडकीकडे तोंड करून यंत्र पापणीला टेकवलं.

“मावशी, काहीच नाही गं.”

पेशी होत्या, पण पाण्यासारख्या पारदर्शक. प्रकाश आरपार निघून जात होता. मग टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. पिवळसर ठिपके उमटले, प्रत्येकात एक गडद बिंदू. “हे माझ्या तोंडातलं?” असं म्हणून तिने मला यंत्र दिलंच नाही. दिसणं भिंगापेक्षा रंगावर आणि उजेडावर किती अवलंबून असतं, हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

संपादकांना मात्र निदान हवं होतं, आणि तिथे गाडी अडते. घानामध्ये लघवीतल्या शिस्टोसोमा या परजीवी कृमीच्या अंड्यांसाठी मोबाइलला जोडलेल्या फोल्डस्कोपची चाचणी झाली. 2015 च्या अहवालानुसार त्याची संवेदनशीलता 55.9 टक्के. म्हणजे शंभर बाधितांतले चव्वेचाळीस निसटले. मलेरियाचा परजीवी तर तांबड्या पेशीच्या आत बसतो. रंगवलेली रक्तपट्टी त्यासाठी साधारण हजार पटीने पाहतात. शोधनिबंधात दोन हजार पटींपुढचं वर्धनही आहे, पण त्याची गोळी मिलिमीटरच्या अंशाएवढी, आणि फोकस त्याहून हट्टी. दिवसभर पट्ट्या तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती हे द्यायचं? मला धीर होत नाही. शाळेत मात्र प्रत्येक बाकावर एक हवंच. तिथे निसटलेली पेशी पुन्हा शोधता येते.